जिन्यावर गेलेले सात महिने

साक्सल कन्जेक्चरचं विधान समोरचा चहा गार व्हायच्या आत कळतं. माझी फसगत तिथूनच सुरू झाली. पार्टिशन म्हणजे एखाद्या पूर्ण संख्येचे उतरत्या क्रमाने मांडलेले तुकडे, चित्रात चौकटींच्या ओळी. त्यांतली पायऱ्यापायऱ्यांची, म्हणजे जिना, घ्यायची: (२,१), (३,२,१), (४,३,२,१). सिमेट्रिक ग्रुप एस-एन म्हणजे एन वस्तूंच्या सगळ्या अदलाबदलींचा ग्रुप; एनच्या प्रत्येक पार्टिशनमागे त्याचं एक इर्रिड्युसिबल, म्हणजे आणखी न फुटणारं रिप्रेझेंटेशन, असतं. जिन्याच्या इर्रिड्युसिबलचा स्वतःशीच टेन्सर, म्हणजे एक प्रकारचा गुणाकार, घ्यायचा. त्या सिमेट्रिक ग्रुपचं प्रत्येक इर्रिड्युसिबल त्यात निदान एकदा सापडतं, असं यान साक्सल यांनी २०१२ मध्ये सुचवलं. अजून ते सिद्ध झालेलं नाही.

पीएचडीचा एकमेव प्रश्न म्हणून हा घेऊ नका. घेतलाच असेल, तर सेज या गणिताच्या सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी एस-६ वहीत करा. (३,२,१) चं डायमेन्शन १६. सम ऑर्डरच्या सगळ्या एलिमेंट्सवर तिचं कॅरेक्टर (एलिमेंटच्या मॅट्रिक्सचा ट्रेस) शून्य, म्हणून चारच क्लास (एकाच सायकल-आकाराच्या एलिमेंट्सचे गट) उरतात: आयडेंटिटीवर १६, एका तीन-सायकलवर उणे २, दोन सुट्या तीन-सायकलींवर उणे २, पाच-सायकलवर १. वर्ग करा, इनर प्रॉडक्ट घ्या. ट्रिव्हियल (प्रत्येक एलिमेंटला १ देणारं) १ वेळा येतं, (५,१) २ वेळा, आणि (३,२,१) स्वतः ५ वेळा. अर्ध्या तासाचं काम. मी ते दुसऱ्या वर्षाच्या शेवटी केलं, तोवर तयार पॅकेजमधून उत्तरं काढत होते. पॅकेज वाईट नसतं हो, पण वहीतल्या आकड्यांची जी ओळख होते ती पडद्यावरच्या आकड्यांची होत नाही.

आता मी जिथे पडले ती जागा. दोन इर्रिड्युसिबलच्या टेन्सरमध्ये तिसरं किती वेळा येतं, ती संख्या म्हणजे क्रोनेकर कोएफिशंट. त्यांचा सेमीग्रुप गुणधर्म तुम्हाला माहीत असेलच: पार्टिशनांच्या दोन त्रिकुटांचे कोएफिशंट धन असतील, तर जागच्या जागी ओळीत ओळ मिळवून होणाऱ्या त्रिकुटाचाही धन. ही आडवी बेरीज. कॉलमात कॉलम मिळवला की उभी. दोन पार्टिशनांचे कॉन्जुगेट (ओळींचे कॉलम करून मिळणाऱ्या पार्टिशन) घेतले तरी कोएफिशंट तोच राहतो, म्हणून तीनपैकी दोन जागी उभी बेरीज चालते. दोनच जागी. एका जागी चालत नाही, तिन्ही जागी तर नाहीच.

सिद्धतेत मी टेन्सरमधले दोन्ही जिने आडवे जोडले आणि तिसरी पार्टिशन उभी. मनात म्हटलं, जिना उभा काय नि आडवा काय, सारखाच दिसतो, मग कॉन्जुगेट मोजत कशाला बसायचं? पण सारखा असतो तो अख्खा जिना. मी त्याचे जे तुकडे पाडत होते ते तसे नव्हते. या एका चुकीवर एकेचाळीस पानं उभी राहिली.

एस-१५ पर्यंत मी सगळं मशीनवर तपासलं होतं. १७६ च्या १७६ पार्टिशन धन! मग शंका येणार कुठून? पण मशीनने तपासलं ते साक्सलचं म्हणणं, माझी सिद्धता नव्हे. निष्कर्ष खरा असल्यावर चुकीच्या वाटेने गेलं तरी शेवटी बरोबरच उत्तर दिसतं. तपासायला हवं होतं माझं लेमा, तेही जिन्याबाहेरच्या पार्टिशनांवर.

सात महिन्यांनी गाईडनी विचारलं, ‘‘एन बरोबर दोन घातलंस का?’’ आणि माझ्याच कागदाच्या मागे लिहायला लागले. एका चौकटीची तीन चित्रं, कोएफिशंट १. त्यात तशीच तीन मिळवा. दोन जागी उभं जोडलं की साइन (सम अदलाबदलीला १, विषमला उणे १ देणारं) गुणिले साइन बरोबर ट्रिव्हियल, ठीक. एकाच जागी जोडलं तर? ट्रिव्हियल गुणिले ट्रिव्हियलमध्ये साइन कुठून येणार! मी तो कागद घेऊन सरळ मेसमध्ये जाऊन बसले, जेवायची वेळ नसताना.

‘वा, छान चाललंय’ म्हणणाऱ्या गाईडपेक्षा असे खडूस गाईड परवडले, हे माझं ठाम मत. फक्त त्यांनी तो प्रश्न दुसऱ्याच महिन्यात विचारायला हवा होता, असं आजही वाटतं.

घाबरू नका, हा प्रश्न अगदीच दगड नाही. डॉमिनन्स ऑर्डरमध्ये (वरून ओळींच्या बेरजा करत पार्टिशनांची तुलना करायची रीत) जिन्याशी तुलना होऊ शकते त्या सगळ्या पार्टिशनांचं काम इकेनमायर यांनी २०१५ मध्ये संपवलं. लुओ आणि सेल्क यांनी टेन्सरच्या चौथ्या घातात सगळी इर्रिड्युसिबल येतात हे दाखवलं, २०२३ मध्ये हार्मन आणि रीबा तिसऱ्या घातापर्यंत उतरले. उरला दुसरा. मात्र ‘एखादं सोपं सूत्र मिळेल’ या आशेवर राहू नका. मर्नहॅन यांनी १९३८ मध्ये या गुणाकारांचा अभ्यास मांडला, तरी दुसऱ्या एका गुणाकारासाठी असलेल्या लिटलवुड-रिचर्डसनसारखा मोजणीचा नियम इथे आजवर मिळालेला नाही. आणि दिलेला कोएफिशंट धन आहे का, एवढं ठरवणंही सर्वसाधारणपणे एनपी-हार्ड, म्हणजे बहुधा कुठलीच जलद रीत नसलेलं, आहे.

माझ्या एकेचाळीस पानांतली सहा वाचली. ज्यांत दोन जागी उभी बेरीज चुकून बरोबर पडली होती, ती. हल्ली उभ्या बेरजेला लाल पेन वापरते. पानावर लाल खुणा विषम आल्या की तिथेच थांबते.