फुटलेल्या इनटेक मॅनिफोल्डला एपॉक्सी नको, आर्गन वेल्डिंग मारून घ्या

आमच्या जुन्या टर्बो डिझेल पिकअपचा ॲल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा पाइपांचा भाग, कांदा भरून घाट चढताना चीर पडून गेला. काळा धूर, गाडीची ओढ कमी झालेली आणि रेस दिली की शूऽऽ असा आवाज, अशी लक्षणं असतील तर आधी टर्बोकडून मॅनिफोल्डला येणारा होज काढून तिथून कंप्रेसरची हवा सोडा, अर्ध्या बारच्या वर नको, आणि साबणाचं पाणी शिंपडा, जिथे फेस येईल तिथे चीर.

एपॉक्सी पुट्टी भरून गाडी चालवू नका, अगदी कळकळीने सांगतोय. उष्णतेने आणि ऑइलने ती सुटते आणि तुकडा सरळ सिलिंडरमध्ये जातो, मग हजारांचं काम लाखावर जातं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, इंजिन गार होऊ द्या, मग मॅनिफोल्ड सोडवा. स्टड (हेडमध्ये बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट) तुटला तर त्यावर नट वेल्ड करून, गरम असतानाच हळूहळू फिरवून काढा. मॅनिफोल्ड निघाल्यावर उघड्या पडलेल्या इंजिनच्या हेडच्या भोकांत स्वच्छ कापड कोंबा पण किती तुकडे कोंबले ते मोजून ठेवा, परत बसवताना एकही आत राहता कामा नये.

आता खरं काम. आतली काजळी आणि ऑइल पूर्ण धुवून काढा, नाहीतर वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. चिरेच्या दोन्ही टोकांना 3 मिमीचं भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकत नाही, मग व्ही आकारात घासून आर्गनवाल्याकडे न्या. ॲल्युमिनियम वेल्ड करणारा अनुभवी माणूसच बघा, कारण हा धातू 660 डिग्रीला वितळतो आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. मॅनिफोल्ड जाड सपाट प्लेटला बोल्टने आवळूनच वेल्ड करायला सांगा, मोकळा ठेवला तर फ्लँज, म्हणजे हेडला टेकणारी सपाट कड, वाकतोच.

घरी आणल्यावर सरळ पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पानांच्या जुडग्याने) फ्लँज तपासा, 0.1 मिमीचं पान पट्टीखाली गेलं तर सरफेसिंग करून, म्हणजे फ्लँज सपाट घासून घ्या. पॅकिंग (गॅस्केट) नवीनच टाका. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (तिथे दिलेल्या जोरानेच) आवळा. बिडाचं हेड असेल तर ॲल्युमिनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, बहुतेक चिरा एकच बोल्ट आधी पूर्ण आवळल्याने पडतात असं माझं मत आहे. शंभरेक किलोमीटर चालली की गार इंजिनवर टॉर्क परत एकदा बघा.