घरच्या सुतारकामासाठी छोटी करवत मशीन घेताना

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत किंवा शाहूपुरीत हार्डवेअरच्या दुकानात ‘लाकूड कापायची छोटी मशीन दाखवा’ म्हटलं, की काउंटरवर तीन वेगळ्याच वस्तू येतात: 4 इंची कटर, जिगसॉ (अरुंद पातं वर-खाली हलतं ती) आणि मिनी सर्क्युलर सॉ (गोल ब्लेडची छोटी करवत). वॅट आणि किंमत नंतर बघू. आधी कापायचं काय आणि ते किती जाड, हे ठरवा.

गोल किंवा वळणदार काप हवा असेल, उदा. सिंकसाठी भोक किंवा कोपऱ्याची गोलाई, तर जिगसॉच लागते. सरळ लांब कापात मात्र तिचं पातं जाड लाकडात तिरकं जातं. वरून रेष बरोबर दिसते आणि खालची कड 2-3 मिमी सरकलेली असते. कपाटं, फळ्या, रॅक अशी कामं सरळ कापाचीच असतात, त्यासाठी गोल ब्लेडची मशीन घ्या.

4 इंची कटर मुळात फरशी कापायची मशीन. ब्लेड 110 मिमी, मिनिटाला 12,000 च्या आसपास फेरे. लाकडाचं ब्लेड लावून बरेच सुतार ती चालवतात, कारण स्वस्त पडते. पण तिचं गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, वरच्या बाजूला पक्कं असतं. काप संपवून मशीन उचलली, तरी खालचं ब्लेड उघडंच फिरत राहतं. सर्क्युलर सॉचं खालचं गार्ड स्प्रिंगने आपोआप बंद होतं. घरी शिकत शिकत काम करणाऱ्याने कटरच्या वाटेला जाऊ नये, हे आमचं ठाम मत आहे.

मिनी सॉमध्ये खरा आकडा कापाच्या खोलीचा. 85 मिमी ब्लेडची मशीन सरळ कापात साधारण 25-28 मिमी खोल जाते. 19 मिमी प्लायला दोन्ही बाजूंनी 1 मिमी सनमायका लावला, तर जाडी 21 होते. ती सहज कापली जाते. तीच मशीन 45 अंशांत वाकवली की खोली सुमारे 17 वर येते आणि 19 चा प्लाय अर्धवट राहतो. तिरके जोड करायचे असतील तर 110 मिमीच्या पुढचं ब्लेड बघा. दाराच्या चौकटीची अडीच इंची फळी कापायची असेल तर मिनी सॉ विसरा, तिथे 7 इंचीच हवी.

दुकानात मशीन हातात घेऊन एवढं तपासा. प्लग काढलेला ठेवून खालचं गार्ड मागे ओढा आणि सोडा. अडखळलं तर ती मशीन नको. बेसची पाटी दाबून बघा, हलता कामा नये. पाटीच्या कडेपासून ब्लेडच्या पुढच्या आणि मागच्या दातापर्यंतचं अंतर मोजा. फरक अर्ध्या मिमीपेक्षा जास्त असेल तर ब्लेड कापात घासतं, लाकूड काळं पडतं आणि मशीन उगाच तापते. कार्बन ब्रश (मोटरला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) बाहेरून बदलता येतात का, तेही विचारा. ब्लेडवर छापलेली कमाल गती मशीनच्या गतीपेक्षा जास्त असावी आणि मधलं भोक शाफ्टला (ब्लेड बसतं त्या दांड्याला) नेमकं बसावं. सैल बसणारं ब्लेड कागदाची पट्टी घालून बसवू नका, बरोबर मापाची रिंग मागा.

दात कमी, तर काप जलद पण कपचे उडतात. 110 मिमी ब्लेडला प्लायसाठी 40 दात चांगले, जाड फळीच्या उभ्या कापाला त्याहून कमी. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. दर्शनी कामासाठी एक ब्लेड वेगळं राखून ठेवा.

आता काप. दात खालून वर कापत येतात, म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवा. ब्लेड फळीच्या खाली 5 मिमी निघेल एवढीच खोली लावा. गाइड म्हणून सरळ पट्टी दोन सी-क्लॅम्पने आवळा. पट्टी आणि रेष यांतलं अंतर आधी भंगार तुकड्यावर कापून मोजून घ्या. ब्लेडची जाडीही हिशेबात धरा: 1220 मिमी रुंदीतून 305 च्या चार फळ्या निघत नाहीत. 2 मिमी ब्लेडचे तीन काप 6 मिमी खातात, म्हणजे प्रत्येक फळी 303.5 ची येते.

मशीन मागे उसळते ती बहुतेकदा फळी मधोमध वाकून ब्लेडला चिमटते म्हणून. आधार कापाच्या दोन्ही बाजूंना द्या, फक्त दोन टोकांना नाही. पावसाळ्यात ओल धरलेलं लाकूड कापताना फट मागून मिटत येते. फूटभर काप झाल्यावर मशीन बंद करा, ब्लेड पूर्ण थांबू द्या आणि फटीत लाकडाची पाचर ठोकून मगच पुढे जा. चष्मा आणि मास्क लावाच. हातमोजे घालू नका, फिरतं ब्लेड कापड ओढून घेतं. ब्लेड बदलताना वायरचा प्लग किंवा बॅटरी आधी बाहेर.