घरकामाचा दिवस आटोपता कसा घ्यावा

सिंक रिकामं झालं की पाच मिनिटांत कुणीतरी चहाचा कप आणून ठेवतं. कपाट लावून होतं तोवर बादलीत पुढचे कपडे येऊन पडतात. ‘सगळं उरकलं की बसेन’ म्हणणाऱ्याचं बसणं होतच नाही.

म्हणून आधी दिवस कुठे थांबवायचा ते ठरवा. आमच्याकडे विरजण लावलं, ओटा पुसला, गॅसचा कॉक बंद केला की दिवस संपला. त्यानंतर दिसलेलं काम उद्याचं. सुरुवातीला हात शिवशिवतात, तरी उठायचं नाही.

मग एखाद्या रविवारी कागद घेऊन डोक्यातली सगळी कामं उतरवून काढा. केर-भांडी तर लिहालच. पण सिलिंडरचा नंबर लावणं, दुधाचा हिशेब, उद्या डब्याला काय याचा विचार, हेही लिहा. जीव दमतो तो या न दिसणाऱ्या कामांनी. आता तीन रकाने करा: रोज झालंच पाहिजे, आठवड्यातून एकदा चालेल, नाही झालं तरी काही बिघडत नाही. तिसऱ्यात सढळ हाताने टाका. चादरींना इस्त्री तिथेच जाऊ दे.

रोजची घाई कमी करायला थोडी आगाऊ तयारी हवी. अर्धा किलो दाणे भाजून कूट करून ठेवा, लसूण सोलून ठेवा. सकाळी भिजवलेली मटकी रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधली की उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळी मोड आलेले असतात. थंडीत आणखी एक दिवस धरा.

आता वाटणी, आणि खरी मेख इथेच आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जात होता. असं काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. ‘जरा मदत कर’ म्हणून हे बदलत नाही, कारण सांगायचं लक्षात ठेवणं आपल्याकडेच राहतं. काम द्यायचं ते आठवणीसकट. दळण नवऱ्याकडे, म्हणजे पीठ किती उरलंय हे पाहण्यापासून गिरणीतून आणून डब्यात भरेपर्यंत सगळं त्याच्याकडे. पीठ संपलं तर एक दिवस आमटी-भात खा, पण स्वतः पिशवी उचलू नका. मुलीने कपड्यांच्या वेड्यावाकड्या घड्या घातल्या तर त्या उलगडून पुन्हा घालू नका. मला हे सगळ्यात जड गेलं. पण घडी मोडली की मुलगी दुसऱ्यांदा हात लावत नाही.

घरात आजारपण असेल किंवा ऑफिसातून उशीर झाला, तर फक्त पहिला रकाना बघा. मुगाची खिचडी टाका, भांडी भिजत घाला आणि खुशाल आडवे व्हा.