मावशी वर्गाला येईनाशा झाल्या? साक्षरता वर्ग चालवताना या चुका टाळा

भांडुपच्या डोंगरउतारावरच्या एका वस्तीत, अंगणवाडीच्या खोलीत आम्ही बायकांचा साक्षरता वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी २४ जणी आल्या, बसायला जागा पुरेना. तिसऱ्या आठवड्यात ६ उरल्या. "यांना शिकायची आवडच नाही," असं आमच्यातलंच कुणीतरी म्हणालं आणि मलाही ते क्षणभर पटलं. मग मी एकेकीच्या घरी जाऊन बसले, चहा घेतला, गप्पा मारल्या. तेव्हा कारणं कळत गेली. आवडीचा प्रश्न एकीच्याही बाबतीत नव्हता. आमची वेळ चुकली होती, पुस्तक चुकलं होतं, बोलण्याची पद्धत चुकली होती.

आपल्याकडची बाई वर्ग सोडते तेव्हा भांडून जात नाही. "पाहुणे आलेत", "कंबर धरलीय", "बघते पुढच्या आठवड्यात" एवढंच म्हणते. ती काही बोलत नाही म्हणून तिची गैरहजेरीच तक्रार समजून वाचावी लागते. मुंबईत असे वर्ग चालवणाऱ्यांसाठी, विशेषतः नव्याने उतरलेल्या स्वयंसेवकांसाठी, आमच्या हातून झालेल्या आणि इतरत्र पाहिलेल्या चुका इथे लिहिते आहे.

पाण्याची वेळ न विचारता वर्गाची वेळ ठरवणे

आम्ही संध्याकाळी साडेसहाची वेळ ठेवली, कारण आम्ही कामावरून तेव्हा सुटायचो. त्याच गल्लीत पाणी सहाच्या पुढे यायचं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये नळाला पाणी ठरलेल्या वेळी, थोडाच वेळ येतं आणि ते भरणं बाईच्याच वाट्याला असतं. हंडे रिकामे ठेवून अक्षरं गिरवायला कुणी येणार नाही, येऊही नये.

तेव्हा वर्ग ठरवण्याआधी प्रत्येकीला विचारा: पाणी कधी येतं, कामावरून कधी सुटता, घरच्यांचा जेवायचा डबा किती वाजता लागतो. धुणीभांडी-पोळ्यांची कामं करणाऱ्या बायकांना दुपारी दोन ते साडेतीन बरं पडतं. सकाळची घरं उरकलेली असतात, संध्याकाळची सुरू व्हायची असतात. मासळी किंवा भाजी विकणाऱ्यांना ती वेळ चालत नाही, त्यांना रात्री नऊनंतर जमतं. एका वेळेत सगळ्यांना बसवायचा हट्ट केला की निम्म्या गळतात. दोन छोटे गट करा. आठवड्यातून चार दिवस पुरतात.

सुट्ट्यांचंही तेच. शिमगा, मे महिना आणि गणपती या तीन वेळांना कोकणातल्या बायका गावी जातात. ही गळती नव्हे. हजेरीपटावरून नाव काढू नका. गावाला निघताना एक छोटी वही द्या आणि एवढंच सांगा की एसटीच्या पाट्या वाचत जा. परत आल्यावर पहिले दोन दिवस मागचंच घ्या, नवीन काही काढू नका.

हातात पहिलीचं पुस्तक देणे

तीस वर्षं घर चालवलेली, वीस जणींच्या भिशीचा हिशोब तोंडी ठेवणारी बाई "ग गवताचा" म्हणत बसली की तिला आपण लहान झाल्यासारखं वाटतं. त्यात शिकवणारी बावीस वर्षांची पोरगी "शाब्बास!" म्हणून टाळ्या वाजवते. हे थांबवा. मोठ्या माणसाला "बरोबर आहे" एवढं पुरतं.

सुरुवात तिच्या तोंडातल्या शब्दापासून करावी. ब्राझीलमध्ये पावलो फ्रेअरे यांनी १९६३ मध्ये शेतमजुरांना शिकवताना हेच केलं. त्यांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घेतले, त्यावर आधी गप्पा मारल्या आणि मग त्याच शब्दांचे तुकडे करून अक्षरं शिकवली. आमच्या वर्गात पहिला शब्द आपोआप 'पाणी' ठरला. आधी दहा मिनिटं पाण्यावर भांडण झालं, कोणाच्या नळाला धार बारीक, कोण मोटार लावतं. मग फळ्यावर 'पाणी' लिहिलं. पा आणि णी सुटे केले. त्यातून नाणी, राणी, पान, रान, मान. एका आठवड्यात काना आणि दीर्घ वेलांटी बसली, 'बाराखडी' हा शब्दही न उच्चारता. पुढचा शब्द 'नळ', कारण ळ मराठीत जागोजागी लागतो आणि बऱ्याच जणींच्या गावाच्या किंवा आडनावाच्या शेवटी असतो.

इथे एक जपायचं. मराठवाड्याची, खानदेशची बाई 'पानी' म्हणते आणि लिहितेही 'पानी'. तिला सांगा की पुस्तकात 'ण' लिहितात, म्हणून लिहिताना ण काढू. तिचं बोलणं चुकीचं आहे असं सांगू नका. तिच्या उच्चारावर वर्गात एकदा जरी हसू फुटलं, तरी ती पुन्हा तोंड उघडत नाही.

हाकेचाही विचार करा. मावशी, काकी, ताई, वहिनी, ज्याची त्याची सवय असते, पण 'अहो-जाहो' सोडू नका. हजेरी मात्र तिच्या स्वतःच्या नावाने घ्या. "अमक्याची आई" म्हणून वीस वर्षं ओळखल्या गेलेल्या बाईचं नाव मोठ्याने घेतलं की ती जरा दचकते आणि मग "हजर" म्हणते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांवर आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं नाव लागतं. आमच्या एका आजीने नातवाचा जन्मदाखला वर्गात आणून त्यावरचं सुनेचं नाव बोट ठेवून वाचलं. मग तिने विचारलं, "माझ्या वेळेला का नव्हतं हे?"

डोळ्यांचा दोष बुद्धीला लावणे

मला सगळ्यात जास्त टोचते ती ही चूक, कारण ती महिनाभर माझ्याच लक्षात आली नाही.

एक मावशी फळ्यावरचं सगळं वाचायच्या. पुस्तक दिलं की गप्प. वही कधी जवळ, कधी लांब धरायच्या, शेवटी मिटून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या डोक्यात नाही शिरत गं बाई." मी त्यांना अधिक सराव द्यायला लागले, म्हणजे त्रास आणखी वाढवला. एक दिवस ब्लाउजचं हुक लावायला त्यांनी शेजारणीला सुईत दोरा ओवून मागितला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाळिशी उलटली की जवळचं अंधूक होतं, म्हणून तर त्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो. शिकलेल्या माणसाला ते पेपर वाचताना कळतं. जिने कधी वाचलंच नाही तिला कळायचा रस्ताच नसतो. तिला वाटतं, अक्षरं असतातच अशी.

म्हणून नाव नोंदवतानाच विचारा: "सुईत दोरा स्वतः ओवता की कोणी ओवून देतं?" उत्तर मिळालं की डोळे तपासायला महापालिकेच्या रुग्णालयात सोबत जा. नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नका, ती चिठ्ठी तिला वाचता येत नाही. मधुमेह असेल तर तपासणी लांबवूच नका. वर्गात अक्षर मोठं काढा, दिवा असा ठेवा की हाताची सावली वहीवर पडणार नाही. साबण-सोड्याने बोटं फुटलेली असतात, बारीक पेन धरवत नाही. जाड पेन्सिल किंवा पाटी द्या.

त्या मावशींना चष्मा मिळाला त्या दिवशी त्यांनी वही उघडली, काही वेळ नुसतं पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं काळं असतं होय अक्षर?"

पुढच्या संक्रांतीला आमच्या गटाने हळदीकुंकवाच्या वाणाऐवजी वर्गणी काढून चार जणींचे चष्मे केले. त्या दिवशी कार्यक्रमाला 'तिळगूळ' म्हटलं. विधवा, मुस्लिम, बौद्ध, सगळ्याच जणी वर्गात होत्या आणि कोणाला दारातून परत फिरावं लागू नये.

सही आली म्हणजे झालं, असं मानणे

बायकांची पहिली मागणी सहीचीच असते. अंगठा लावताना बोटाला लागलेली शाई पदराला पुसण्याची लाज मी पाहिली आहे, म्हणून सही आधी शिकवावी याला माझी हरकत नाही. पण सही ही रांगोळीसारखी गिरवता येते. अक्षरं न ओळखताही हात वळतो. जनगणनेत सात वर्षांवरचं जे माणूस कुठल्याही एका भाषेत समजून वाचू आणि लिहू शकतं, तेच साक्षर धरतात. त्या हिशोबाने २०११ मध्ये महाराष्ट्रात पुरुषांची साक्षरता ८८.३८ टक्के होती आणि स्त्रियांची ७५.८७ टक्के. नुसती सही करणारी बाई यात बसत नाही.

आणि नुसत्या सहीत धोका आहे. आमच्याकडच्या एका काकींना सही आली. महिन्याभरात त्यांनी शेजारणीच्या कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही केली. विचारलं तर म्हणाल्या, "त्यांनी बोट दाखवलं तिथे केली." अंगठा होता तेव्हा साक्षीदार लागायचा, कोणीतरी कागद वाचून दाखवायचं. सही दिसली की समोरचा धरून चालतो, बाईला वाचता येतं. त्यांच्या हातातलं होतं ते संरक्षणही आम्ही काढून घेतलं होतं आणि बदल्यात वाचन दिलं नव्हतं. शेजारणीचे हप्ते थकले तेव्हा वसुलीवाले काकींच्या दारात आले.

तेव्हापासून आम्ही सहीबरोबर पाच शब्द ओळखायला शिकवतो: रक्कम, व्याज, हप्ता, तारीख, जामीनदार. यात 'क्क', 'व्या' आणि 'प्ता' ही जोडाक्षरं आहेत, ती वेळेआधी येतात. येऊ द्या. शब्दाचं चित्र ओळखता आलं तरी बोट तिथे थांबतं. कागदावर कोरी जागा दिसली तर सही करायची नाही. आणि एक वाक्य पाठ करून घेतो, अगदी एकमेकींसमोर उभं राहून: "कागद घरी नेते, वाचते, उद्या सही करते." हे वाक्य म्हणायला धीर लागतो, तो वर्गातच सरावाने येतो.

आकडे येतातच, असं धरून चालणे

पैशाचा हिशोब तोंडी पक्का असतो, त्यामुळे आपण आकड्यांकडे दुर्लक्ष करतो. मुंबईत मात्र बाईला दोन प्रकारचे आकडे लागतात. बेस्टच्या बसच्या पुढच्या पाटीवर मराठी आकडा, मोबाइलवर आणि रेल्वेच्या इंडिकेटरवर इंग्रजी. शून्य, दोन, तीन जवळपास सारखे. पण मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठासारखा आणि मराठी ५ पटकन इंग्रजी चार वाटतो. हे तीन आकडे शेजारी शेजारी मोठे काढून भिंतीवर लावा. ओटीपी चुकतो तो बहुतेक इथेच.

दुसरी अडचण आपल्या भाषेतली आहे. 'चोवीस' म्हटलं की कानाला आधी चार ऐकू येतात, म्हणून ती ४२ लिहिते. चूक म्हणून खोडू नका, तिने ऐकलं तसंच लिहिलंय. 'वीस आणि चार, चोवीस' असं दोन्ही म्हणून घ्या. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस चार' अशी पद्धत आणली तेव्हा बराच वाद झाला होता. मोठ्या बायकांच्या वर्गात मला तिचा उपयोगच झाला.

फोटो आणि घरचे मास्तर

वर्गाचे फोटो न विचारता स्टेटसला टाकू नका. ज्या सोसायटीत ती स्वयंपाक करते तिथल्या बाईने तो फोटो पाहिला तर दुसऱ्या दिवशी तिथे चर्चा होते. दारावर 'निरक्षर महिला वर्ग' अशी पाटी लावण्याचंही कारण नाही. आमच्या दारावर 'दुपारचा वर्ग' लिहिलंय.

घरी मुलांनी शिकवावं असं आपल्याला वाटतं. काही घरांत ते छान जमतं. पण सातवीतला मुलगा "आई, एवढंही येत नाही?" म्हणाला की आई वही पलंगाखाली सरकवते. कुणाची सासू, कुणाचा नवरा टोमणे मारतो. म्हणून वही घरी न्यायची की वर्गातच ठेवायची, हे तिला ठरवू द्या. गैरहजर बाईच्या दारात जाऊन सगळ्यांसमोर "वर्गाला का नाही आलात?" विचारू नका. नळावर, दुकानावर एकटी भेटली की विचारा.

परीक्षेपुरतं शिकवणे

'उल्लास' म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरच्या कोणालाही नाव नोंदवता येतं. शेवटी १५० गुणांची परीक्षा असते, वाचन ५०, लेखन ५० आणि संख्याज्ञान ५०. प्रमाणपत्राचा बायकांना फार अभिमान वाटतो, फ्रेम करून देवघराशेजारी लावतात. परीक्षा जरूर द्यायला लावा. पण 'पेपर' शब्दाने कित्येकींच्या पोटात गोळा येतो, तेव्हा आधी दोनदा तशाच कागदावर, गुण न देता, सराव घ्या. पुढे जायचं असेल तर राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची आणि आठवीची परीक्षा आहे, तिची माहिती त्याच आठवड्यात द्या. नंतर सांगू म्हटलं की राहतं.

परीक्षा झाली की वर्ग बंद करतात, ही शेवटची चूक. वाचन सुटलं की वर्षभरात अक्षर पुसट होतं. आम्ही आठवड्यातून एक दुपार चालू ठेवली आणि एकच नियम केला: घरातला एक कागद आणायचा. पहिल्या दुपारी चार विजेची बिलं आली, एक गॅसची पावती आली आणि एका काकींनी पदराच्या गाठीतून नातीच्या शाळेची घडी घातलेली सूचना काढली. तीन दिवस ती तशीच होती. त्यांनी हळूहळू, जोडाक्षरापाशी अडखळत वाचली. पालकसभा त्याच दिवशी चार वाजता होती. घड्याळात साडेतीन वाजले होते. काकींनी चपला घातल्या आणि निघाल्या, चष्मा डोळ्यांवर तसाच.