आधी एका मिलीत औषध किती, ते काढा

पंपाने शिरेतून द्यायच्या औषधाच्या ताशी डोसच्या गणितात नर्सिंगचे विद्यार्थी थेट सूत्राला हात घालतात आणि वर-खाली काय लिहायचं तिथेच अडकतात. त्यापेक्षा आधी एका मिलीत औषध किती, एवढंच काढा.

हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, उदाहरणाला घ्या. २५,००० युनिट ५०० मिली सलाईनमध्ये, म्हणजे मिलीला ५० युनिट. पंप ताशी १८ मिलीवर असेल तर पेशंटला तासाला ९०० युनिट जातात. ऑर्डर ताशी १,००० युनिटची असेल तर १,००० भागिले ५०, पंप २० मिलीवर.

आता तेच २५,००० युनिट ५० मिलीच्या सिरिंजमध्ये भरा. मिलीला ५०० युनिट झाले. त्याच ऑर्डरला ताशी फक्त २ मिली लागतात. इथे सवयीने २० टाकले तर दसपट डोस! म्हणून मागच्या शिफ्टचा आकडा तसाच उतरवू नका, लेबल वाचा. उत्तर आलं की उलटा गुणाकार करा: २ गुणिले ५००, जुळलं. हेपारिनसारख्या औषधाला दुसऱ्या सिस्टरनेही वेगळं गणित करून पडताळायला हवं. नुसतं तुमच्या कागदावर बघून मान डोलावणं म्हणजे तपासणी नव्हे.

ऑर्डर ‘मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट’ असेल तर आधी वजनाने, मग ६० ने गुणा, म्हणजे मिनिटाचा डोस तासाचा होतो. हा ६० हमखास विसरला जातो.