पाहुण्या कवीचं काव्यवाचन कसं ठेवायचं (आणि कवीला वाचायला वेळ कसा मिळवून द्यायचा)

फेब्रुवारी आला की मराठी विभागांची पळापळ सुरू होते. २७ तारखेला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, त्यामुळे त्या आठवड्यात सगळ्यांनाच कवी हवा असतो आणि चांगलं वाचणारे कवी कधीच बुक झालेले असतात. म्हणून पहिलं काम, २७चा हट्ट सोडा. ऑगस्टमध्ये ठेवा, अ‍ॅडमिशनं उरकलेली असतात, परीक्षा लांब असतात, नवीन आलेली मुलं अजून उत्साहात असतात. फक्त पत्र्याच्या छताचा हॉल घेऊ नका, पाऊस आला तर कविता राहू दे, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही.

मग कवीला फोन. तारीख, वेळ, किती मिनिटं वाचायचं, समोर साधारण कोण असणार, राहायची सोय कुठे, आणि मानधन किती, हे सगळं पहिल्याच फोनवर सांगायचं. मानधनाचं "ते बघू आपण" करू नका. कवी विचारत नाही, संकोच वाटतो, आणि मग घरी परत जाताना प्रवासखर्च स्वतःच्याच खिशातून गेला हे त्याला कळतं. विद्यापीठाचे पैसे मंजूर होऊन खात्यात पडायला वेळ लागतो हेही आधीच सांगून टाका. पॅन कार्ड आणि कॅन्सल चेकची कॉपी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून ठेवा, बिलावर सही त्याच दिवशी घ्या आणि तिकीट फेकू नका म्हणून आठवण करा. कवी नोकरी करणारा असेल तर लेटरहेडवर रीतसर निमंत्रणपत्र पाठवा, रजेसाठी लागतं.

हॉल लहान घ्या. सत्तर माणसं येणार असतील तर साठ खुर्च्यांचा वर्ग घ्यायचा, दहाजण मागे उभे राहिले की कार्यक्रम भरल्यासारखा वाटतो, तीच सत्तर माणसं चारशेच्या सभागृहात बसवली की शोकसभा. आणि आदल्या दिवशी त्याच वेळेला हॉलमध्ये जाऊन बसा. पंखे फुल केले की किती आवाज करतात, दार करकरतं का, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट वाचणाऱ्याच्या डोळ्यात येतं का, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

माइकबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथेच सगळं बिघडतं. "हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री" याने काहीच कळत नाही. एखादी कविता घ्या आणि हळू आवाजात वाचा, ज्या ओळीत प, फ, भ जास्त आहेत अशी. तोंड माइकला चिकटलं असेल तर प्रत्येक "प"ला फट् असा आवाज येतो, चार बोटं अंतर ठेवलं आणि माइक किंचित बाजूला वळवला की जातो. पोडियमवर वरून उजेड पडतो का बघा, कवीच्या वहीत बारीक पेन्सिलीच्या दुरुस्त्या असतात, पुस्तकात कागदाचे कपटे खोचलेले असतात, ते शोधताना अंधार असला की बिचारा चष्मा वरखाली करत बसतो. आणि बसून वाचणार की उभं राहून, हे त्यालाच विचारा. बा. भ. बोरकर आपल्या कविता गाऊन म्हणायचे, विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे तिघं मिळून गावोगाव वाचत हिंडले, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. तुमचा पाहुणा कसा वाचतो ते आधी माहीत पाहिजे.

आता वेळापत्रक. एका ठिकाणी (नाव नको) पत्रिकेवर तीनची वेळ होती, सुरू झालं ३:२५ला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मंचावरच्या पाचही जणांना शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मग परिचय म्हणून दोन पानी बायोडाटा सगळ्या पुरस्कारांसकट, मग अध्यक्षांना "दोन शब्द" बोलायचे होते. कवीच्या हातात माइक आला ४:४०ला. पाचच्या बसची मुलं एकेक करून उठायला लागली, त्याने चार कविता वाचल्या, हसला आणि बसला. साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून आलेला माणूस. तेव्हापासून माझा नियम असा, स्वागत, परिचय, सगळं मिळून दहा मिनिटं, शाल एकच, अध्यक्ष असलेच तर बोलणार शेवटी. परिचय पाच वाक्यांचा आणि त्यात कवीची निदान एक ओळ आलीच पाहिजे. कवीला सलग चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, मध्ये बोलत बोलत तेवढ्यात बारा-पंधरा कविता होतात. चहावाल्याला सांगून ठेवा, वाचन संपेपर्यंत कपबशा आत आणायच्या नाहीत म्हणजे नाहीत.

श्रोते हजेरीच्या धाकाने गोळा करू नका, मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. त्यापेक्षा आठवडाभर आधी दोन कविता झेरॉक्स करून वर्गात वाटा, जिला त्यातली एक आवडली ती मैत्रिणीला घेऊन येते. पोस्टर छापायच्या आधी तिघांनी वाचा. मराठी विभागाच्या पोस्टरवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर ते कार्यक्रमाच्या आधीच ग्रुपवर फिरतं.

प्रश्नोत्तरांसाठी एकच युक्ती, फिरता माइक स्वतःच्या हातातून सोडायचा नाही. विचारणाऱ्याच्या तोंडासमोर धरायचा फक्त. सोडलात की एक सर उभे राहणार, "प्रश्न नाही, पण यावरून मला माझीच एक कविता आठवली" म्हणणार आणि खिशातून कागद काढणार. पहिला प्रश्न कुणालाच सुचत नाही, म्हणून एखाद्या विद्यार्थिनीला तयारीत ठेवा.

पुस्तकं प्रकाशकाकडून आधीच मागवा, कवीला स्वतःची पुस्तकं पिशवीतून काढून विकायला लावू नका, फार वाईट दिसतं ते. टेबलावर क्यूआर कोड आणि थोडे सुट्टे पैसे. रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा, अप्रकाशित कविता परवानगीशिवाय यूट्यूबवर टाकायच्या नाहीत.

आणि कार्यक्रम संपला की सगळे गायब होतात, तसं होऊ देऊ नका. रात्रीची गाडी असेल तर पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली आणि प्लॅटफॉर्मपर्यंत सोबत कुणीतरी दोघं. गाडी लेट असली की बाकावर बसल्या बसल्या दोन-तीन जास्तीच्या कविता ऐकायला मिळतात, त्यामुळे हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.