मागून धडक बसल्यावर ट्रकचं लपलेलं नुकसान कसं शोधावं आणि विम्यात कसं बसवावं

मागून धडक बसली की ट्रकमालकाची नजर आधी फाळक्यावर (हौद्याच्या मागच्या झडपेवर) आणि टेल लॅम्पवर जाते. फाळका वाकलाय, लॅम्प फुटलाय, बाकी गाडी चालू आहे. मागचा ड्रायव्हर हात जोडून म्हणतो, ‘‘भाऊ, जागेवरच मिटवू.’’ घाटात मागे रांग लागलेली असते, माल वेळेत पोचवायचा असतो, आणि चार-पाच हजारांवर प्रकरण मिटतं. पुढच्या महिन्यात मागचे टायर एका बाजूने झिजायला लागतात, गाडी तिरकी चालते, चॅसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) तडा दिसतो. तोवर धडक देणारा कुठल्या राज्यात गेला ते कळत नाही. म्हणून गाडी खालून तपासल्याशिवाय पैसे घेऊ नका आणि ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नका.

ट्रकच्या मागच्या बाजूला कारसारखा धक्का पचवणारा भाग फारसा नसतो. चॅसिसच्या दोन लांब बीम मागच्या टोकापासून थेट केबिनखालपर्यंत जातात. धडकेचा जोर त्यांच्यातून पुढे सरकतो आणि जिथे जोड आहे तिथे काम करतो: रिवेट, ब्रॅकेट, यू-बोल्ट, माउंटिंग. त्यामुळे वाकलेला फाळका नवा बसवला तरी खरं नुकसान बारा-पंधरा फूट पुढे असू शकतं.

जागेवर काय करायचं

ड्रायव्हर-क्लीनरला लागलंय का ते आधी बघा. मानेचा झटका तेव्हा जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी मान धरते. थोडंही दुखत असेल तर दवाखान्यात दाखवून नोंद करून घ्या. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२.

गाड्या बाजूला घेण्याआधी फोटो काढा. दोन्ही गाड्या एका चौकटीत, नंबर प्लेट, रस्त्यावरचे टायरचे ओरखडे, किलोमीटरचा दगड. मागच्या गाडीचा पुढचा भाग किती दबलाय त्याचा फोटो हमखास हवा. तुमची गाडी वरून धड दिसत असली तरी धक्का किती मोठा होता हे त्यावरून सिद्ध होतं. समोरच्याची आरसी, विमा पॉलिसी आणि लायसन्स यांचेही फोटो घ्या. मग पोलिसांत नोंद आणि पंचनामा. पंचनाम्यात ‘मागील फाळक्याचे नुकसान’ एवढंच लिहिलं जात असेल तर ‘चॅसिस व खालील भागांची तपासणी बाकी’ ही ओळ घालायला सांगा. या एका ओळीने पुढचे बरेच वाद टळतात.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेम नंबर लिहून ठेवा.

गाडीखाली जाऊन काय बघायचं

गाडी रिकामी करा, सपाट जागी उभी करा, चाकांना दगड किंवा ओंडके लावा. जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. टिपर असेल तर हौदा उचलून नुसत्या हायड्रॉलिकवर ठेवू नका, खाली आधार द्या.

आधी बॉडी आणि चॅसिस यांच्यामधली रेघ बघा. धडकेत हौदा चॅसिसवरून इंच-अर्धा इंच पुढे सरकतो. सरकला असेल तर यू-बोल्टच्या मागे धूळ नसलेली, चकचकीत पट्टी उघडी पडलेली दिसते. केबिन आणि हौदा यांच्यातलं अंतर डावी-उजवीकडे मोजा. दोन्हीकडे सारखं नसेल तर हौदा तिरका बसलाय. गाडी भरलेली असताना धडक बसली असेल तर हौद्याची पुढची भिंत आणि केबिनची पाठही तपासा, कारण माल सरकून आदळू शकतो.

मग बीम आणि क्रॉस मेंबर (दोन्ही बीमना जोडणारे आडवे भाग). चिखल धुऊन घ्या, नाहीतर काही दिसणार नाही. रिवेटभोवती रंगाचे पापुद्रे सुटलेत का, रिवेट हलतोय का, बीमच्या बाजूला सुरकुती किंवा फुगवटा आहे का हे बोट फिरवून बघा. तड्याचा संशय असेल तर जुन्या मिस्त्र्यांची पद्धत अजून कामाची आहे: जागा साफ करून रॉकेल लावा, थोड्या वेळाने पुसून कोरडी करा आणि वर खडू घासा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूतून रेघेसारखं वर येतं. ताज्या तड्याचं लोखंड आतून चमकतं, जुन्यात गंज आणि काळं तेल असतं. हा फरक दिसेल असा जवळचा फोटो त्याच दिवशी घ्या. चार दिवस पावसात गाडी उभी राहिली की ताजा तडाही गंजतो, आणि मग ‘हे जुनंच आहे’ म्हणणाऱ्याला उत्तर देता येत नाही.

चॅसिस सरळ आहे का, हे ओळंब्याने कळतं

हे काम फारसं कोणी करत नाही, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. सिमेंटच्या सपाट जमिनीवर गाडी उभी करा. दोन्ही बीमवरच्या सारख्या जागा निवडा, उदाहरणार्थ पुढच्या आणि मागच्या कमानींच्या (पाट्यांच्या स्प्रिंगच्या) हँगरच्या पिना. प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूने फुली मारा. गाडी बाजूला घेऊन फुल्यांमधली तिरकी अंतरं मोजा: डावी पुढची ते उजवी मागची, आणि उजवी पुढची ते डावी मागची. चॅसिस चौकोनात असेल तर दोन्ही मापं जुळतात. फरक दिसला तर तो कंपनीच्या मर्यादेत आहे का, हे अधिकृत वर्कशॉपकडून लेखी घ्या.

त्याच वेळी कमानीच्या पुढच्या पिनेपासून मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. एका बाजूला कमी भरलं तर बहुतेक वेळा पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटलेला असतो आणि अ‍ॅक्सल सरकलेला असतो. यू-बोल्ट घट्ट असल्यामुळे वरून काही कळत नाही. ओल्या रस्त्यावरून गाडी सरळ चालवून मागून पाहिली तरी मागची चाकं पुढच्या चाकांचा माग सोडून बाजूने चाललेली दिसतात.

हवा, ब्रेक, वायरिंग

हवेच्या टाक्या पूर्ण भरून इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि गेजचा काटा बघा. काटा उतरत असेल तर पाइपांच्या जोडांवर साबणाचं पाणी टाकून गळती शोधा. ब्रेक चेंबरचं ब्रॅकेट वाकलंय का पाहा, पण हँडब्रेकचा स्प्रिंग असलेला चेंबर स्वतः कधीही उघडू नका. आतला स्प्रिंग जीव घेईल इतक्या ताणात असतो.

एबीएसचा दिवा पेटतोय का? बीएस-६ गाडीत डीईएफची (धूर साफ करणाऱ्या द्रवाची) टाकी, तिचे पाइप आणि सायलेन्सरवरचे सेन्सर हेही धक्क्याने सैल होतात. त्याचा परिणाम काही दिवसांनी, गाडीची ताकद कमी झाल्यावर कळतो. म्हणून स्कॅनर लावून एरर कोडची प्रिंट पहिल्याच दिवशी काढून ठेवा. प्रोपेलर शाफ्टचं सेंटर बेअरिंग, गिअरबॉक्स आणि इंजिनची माउंटिंग, केबिनचं लॉक हेही बघून घ्या. तुमची गाडी पुढच्या वाहनावर ढकलली गेली असेल तर रेडिएटर आणि स्टिअरिंगही.

विमा: उघडण्याआधी आणि उघडल्यावर

सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा माणूस) येण्याआधी काहीही खोलू नका. गॅरेजच्या पहिल्या एस्टिमेटमध्ये शेवटची ओळ अशी लिहून घ्या: ‘खोलल्यानंतर दिसणारे नुकसान वेगळे धरावे.’ हौदा उतरवल्यावर किंवा अ‍ॅक्सल खोलल्यावर नवीन काही सापडलं, तर काम तिथेच थांबवा. भाग जागेवर असतानाचा फोटो काढा, सर्व्हेअरला फोन आणि ईमेल दोन्ही करा, पुरवणी एस्टिमेट द्या. मंजुरीशिवाय बदललेल्या भागाचे पैसे मागणं फार अवघड जातं. काढलेले जुने भाग शेवटच्या तपासणीपर्यंत भंगारात देऊ नका.

व्यावसायिक गाडीच्या पॅकेज पॉलिसीत एक गोष्ट अनेक मालकांना अपघातानंतरच कळते. लॅम्प, टायर-ट्यूब, मडगार्ड, बंपर, बॉनेटच्या बाजूचे भाग आणि रंगकाम यांचं नुकसान मूळ पॉलिसीत धरलेलं नसतं. त्यासाठी आयएमटी-२३ हे कलम जादा प्रीमियम भरून घ्यावं लागतं, आणि ते घेतलं तरी या भागांच्या मान्य नुकसानातला निम्मा वाटा मालकाचाच. शिवाय घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची कपात: रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के, धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार, म्हणजे पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. पण चॅसिस, अ‍ॅक्सल, कमानी या भागांना आयएमटी-२३ ची अट लागत नाही. म्हणूनच खालचं नुकसान शोधणं पैशांच्या दृष्टीनेही मोलाचं. पुरवणी धरून दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या) ७५ टक्क्यांपुढे गेला, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. हा हिशेब दुरुस्ती सुरू होण्याआधीच मांडून बघा.

गाडी उभी राहिल्याने बुडालेलं भाडं स्वतःच्या पॉलिसीतून मिळत नाही. ते आणि न मिळालेला दुरुस्तीचा भाग धडक देणाऱ्याकडून आणि त्याच्या विमा कंपनीकडून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागता येतो. कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा वकिलाला लवकर भेटा. मागच्या काही महिन्यांच्या बिल्ट्या (मालवाहतुकीच्या पावत्या), फास्टॅगचं स्टेटमेंट आणि गॅरेजचं ‘गाडी आत, गाडी बाहेर’ तारखांचं पत्र जोडा. एकच रक्कम दोन्हीकडून मात्र मागता येत नाही. आणि कोणीही ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या व्हाउचरवर सही मागितली, तर पुरवणी काम पूर्ण झाल्याशिवाय ती करू नका.

दुरुस्ती कशी करून घ्यायची

वाकलेली बीम गॅसने तापवून ठोकणारा मिस्त्री स्वस्त पडतो, पण तापवलेल्या जागी पोलादाची ताकद जाते आणि पुढच्या ओव्हरलोडला तिथेच तडा येतो. बीमच्या वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्डिंग करू देऊ नका, आणि गाडीत कुठेही वेल्डिंग होणार असेल तर बॅटरीच्या तारा आधी काढायला लावा. नाहीतर ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) जाण्याचा धोका असतो. चॅसिस नंबर कोरलेल्या जागेवर ग्राइंडर फिरवू देऊ नका. चॅसिसच बदलावी लागली तर आरटीओत नोंद करून आरसीवर नवा नंबर चढवून घ्या.

गाडी ताब्यात घेताना तिरकी मापं पुन्हा घ्या आणि बिलावर लिहून मागा. पहिली भरलेली फेरी झाली की यू-बोल्ट आणि व्हील नट पुन्हा आवळून घ्या, कारण नवे बोल्ट भार पडल्यावर बसतात. दुरुस्तीच्या दिवशी चारही मागच्या टायरांची नक्षी आतून-बाहेरून मोजून वहीत लिहा, आणि महिनाभराने तीच मापं परत घ्या. झीज एका बाजूला सरकलेली दिसली तर बिल आणि दोन्ही मापं घेऊन त्याच वर्कशॉपमध्ये जा.